नाद काचेच्या कोर्टाचा

आखाती देशांत रमजानचा महिना लागला, की घड्याळ उलटे फिरू लागते. कार्यालयांचे तास कमी होतात, दुपारी रस्ते ओस पडतात आणि मगरिबची अजान होऊन इफ्तार झाला, की शहर जागे होऊ लागते. इशाची नमाज आणि त्यापाठोपाठ तरावीह, म्हणजे रमजानमधली रात्रीची खास नमाज, आटोपून लोक मशिदीतून बाहेर पडतात तेव्हा रात्र बरीच झालेली असते. तरीही सहरीला अजून काही तास बाकी असतात. पूर्वी हा वेळ गप्पांत, बाजारहाटीत आणि चहाच्या फेऱ्यांत जायचा. आजही जातो. पण गेल्या दहा-बारा वर्षांत दुबई, दोहा, कुवेत या शहरांच्या रात्रीत आणखी एक आवाज मिसळला आहे. काचेच्या भिंतीवर चेंडू आपटल्याचा.

हा आवाज पाडेलचा आहे. टेनिस आणि स्क्वॉश यांच्या मधोमध कुठेतरी बसणारा हा खेळ. नाव इंग्रजीतल्या ‘पॅडल’वरून आले, स्पॅनिश लोकांनी त्याला आपल्या जिभेवर घोळवले, आणि अरबीत ‘प’ हा उच्चारच नसल्याने तिथे तो ‘ब’ने लिहिला जातो, म्हणजे ‘बादेल’. नाव काहीही असो, एकदा खेळून आलेला माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा कोर्टची वेळ शोधू लागतो, हा अनुभव सगळीकडे सारखा आहे. मराठीत यासाठी चांगला शब्द आहे: नाद. छंद आपण लावून घेतो, शौक आपण करतो, पण नाद मात्र लागतो.

असा नाद रमजानच्या रात्रींत अनेकांना लागला. प्रश्न असा, की तो टिकतो कशाने? या खेळाचा पन्नासेक वर्षांचा इतिहास पाहिला, तर तो या एकाच प्रश्नाभोवती फिरताना दिसतो.

भिंत आड येत नाही

आधी खेळ समजून घेऊ. पाडेलचे कोर्ट २० मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते. टेनिसच्या २३.७७ मीटर लांबीच्या कोर्टपेक्षा ते आखूड. मध्ये जाळी; ती मधोमध ८८ सेंटिमीटर उंच. दोन्ही टोकांना तीन मीटर उंचीची भिंत, बहुतेक ठिकाणी जाड काचेची, आणि तिच्यावर एक मीटर तारेची जाळी. बाजूंना थोडी काच, बाकी तारेची जाळी. रॅकेटला तारा नसतात. ती भरीव, भोके पाडलेली आणि जेमतेम दोन वीत लांब असते. तिची दोरी मनगटात अडकवणे नियमानेच बंधनकारक आहे, कारण एवढ्या जवळून खेळताना रॅकेट हातातून सुटली तर समोरच्याला लागू शकते. चेंडू दिसायला टेनिसचाच, पण त्यातला दाब थोडा कमी.

खेळ चौघांचा. दोन इकडे, दोन तिकडे. गुण टेनिससारखेच, १५, ३०, ४०. सर्व्हिस मात्र खालून करायची: चेंडू आधी जमिनीवर टप्पा पाडायचा आणि कमरेच्या उंचीवर किंवा त्याखाली मारायचा. इथेच नवख्याची अर्धी भीती जाते. टेनिस शिकणाऱ्याचे पहिले काही महिने डोक्यावरून सर्व्हिस करण्यात आणि चेंडू आणून देण्यात जातात. पाडेलमध्ये पहिल्याच तासात चार-पाच फटक्यांची देवाणघेवाण होऊ लागते.

दुसरी अर्धी भीती भिंत घालवते. टेनिसमध्ये चेंडू आपल्याला चकवून मागे गेला, की गुण गेला. पाडेलमध्ये तो आपल्या हद्दीत एक टप्पा पडून मागच्या काचेवर आदळतो आणि परत येतो. जमिनीवर दुसरा टप्पा पडेपर्यंत तो आपलाच असतो. म्हणजे चुकलेल्या चेंडूला दुसरी संधी आहे. वेळ पडली, तर खेळाडू चेंडू आपल्याच मागच्या काचेवर मारून पलीकडे पाठवू शकतो. नियमांत बसत असेल, तर दारातून कोर्टच्या बाहेर धावत जाऊन चेंडू परत आतही मारता येतो.

नवखा खेळाडू भिंतीला घाबरतो. चेंडू काचेवर जायच्या आत मारून टाकू, अशी त्याची घाई असते. अनुभवी खेळाडू उलट करतो. चेंडूला जाऊ देतो, पाठोपाठ दोन पावले मागे सरकतो, काचेवरून परत येणाऱ्या चेंडूची वाट बघतो आणि मग शांतपणे मारतो. पाडेल शिकणे म्हणजे मुख्यतः ही वाट बघणे शिकणे आहे. ताकदवान माणसाचे यात फार चालत नाही, कारण जोरात मारलेला चेंडू काचेवरून तितक्याच जोराने वर येतो आणि प्रतिस्पर्ध्याला सोपा होतो. जिंकून देतो तो उंच, डोक्यावरून जाणारा संथ चेंडू, किंवा पायाशी पडणारा हलका. एका महत्त्वाच्या फटक्याचे नावच ‘बांदेखा’, म्हणजे स्पॅनिशमध्ये तबक. तबकातून चहाचे पेले नेणाऱ्याने जसा हात डोक्याजवळ धरावा, तसा तो मारायचा. चेंडूला जोर देण्यापेक्षा जाळीजवळची आपली जागा राखणे, हा त्याचा हेतू.

त्यामुळेच या खेळात वडील-मुलगा, नवरा-बायको, साठीचा माणूस आणि पंचविशीतला तरुण एकाच कोर्टवर उभे राहू शकतात, आणि निकाल आधीच ठरलेला नसतो.

अकापुल्कोतल्या अंगणातून

पाडेलचा जन्म मेक्सिकोतल्या अकापुल्को या समुद्रकाठच्या गावचा. १९६९ मध्ये एन्रिके कोर्कुएरा या श्रीमंत उद्योजकाला आपल्या घराच्या आवारात टेनिस कोर्ट हवे होते. जागा अपुरी होती आणि तिच्याभोवती भिंती होत्या. त्याने कोर्ट लहान केले, भिंती खेळातच घेतल्या आणि लाकडी, आखूड बॅट वापरली. पत्नी विवियानाने खेळाचे पहिले नियम लिहून काढले, असे सांगितले जाते. जागेची अडचण हीच खेळाची ओळख झाली.

कोर्कुएराचा मित्र अल्फोन्सो दे होहेनलोहे याने हा खेळ पाहिला आणि १९७४ मध्ये स्पेनच्या मार्बेया गावातल्या आपल्या क्लबमध्ये दोन कोर्ट बांधली. विम्बल्डन विजेता टेनिसपटू मानोलो सांताना याने तिथे त्याचा पुरस्कार केला. पुढच्याच वर्षी खुलिओ मेन्दितेगी याने खेळ अर्जेंटिनात नेला. स्पेनमध्ये बरीच वर्षे तो उन्हाळी सुटीतल्या श्रीमंतांचा राहिला. अर्जेंटिनात मात्र तो गल्लीबोळांत शिरला. १९९१ मध्ये आंतरराष्ट्रीय पाडेल फेडरेशन स्थापन झाले, तेव्हा अर्जेंटिना, स्पेन आणि उरुग्वे हे त्याचे आधार होते. १९९२ मध्ये स्पेनमध्ये पहिली जागतिक स्पर्धा झाली.

आज फेडरेशनच्या अंदाजानुसार जगभरात अडीच कोटींहून अधिक लोक पाडेल खेळतात. २०२३ च्या युरोपीय क्रीडा स्पर्धांत, पोलंडमध्ये, तो पहिल्यांदा खेळला गेला. आखाताने तर या खेळात मोठा पैसा ओतला. २०२१ ची जागतिक स्पर्धा दोह्यात झाली, २०२२ ची दुबईत. २०२२ मध्ये कतारच्या पाठबळावर ‘प्रीमियर पाडेल’ ही व्यावसायिक मालिका सुरू झाली, तिची पहिली स्पर्धाही दोह्यातच. २०२४ पासून जगातले सर्व मोठे व्यावसायिक खेळाडू याच एका मालिकेत खेळतात.

लाट येते, लाट ओसरते

ही सगळी चढती कमान वाचून हुरळून जाण्याआधी अर्जेंटिनाकडे पाहायला हवे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस आणि नव्वदीच्या सुरुवातीला तिथे पाडेलचे वेड पसरले होते. मोकळा भूखंड दिसला, की सिमेंटच्या भिंती उभारून कोर्ट तयार. खेळायला रांगा, रात्री उशिरापर्यंत दिवे. मग काही वर्षांतच लाट ओसरली. कोर्ट गरजेपेक्षा जास्त झाली होती, कडक सिमेंटच्या जमिनीवर खेळून गुडघे आणि घोटे दुखू लागले होते, आणि हौसेने आलेले हौसेनेच निघून गेले. कोर्टांच्या जागी वाहनतळ झाले, छोट्या फुटबॉलची मैदाने झाली.

हीच गोष्ट करोनाच्या काळात स्वीडनमध्ये पुन्हा घडली. बंद सभागृहांत चौघांनीच, थोडे अंतर ठेवून खेळायचा खेळ म्हणून पाडेल तिथे झपाट्याने वाढला. गुंतवणूकदारांनी गोदामे घेऊन त्यांत कोर्ट बांधली. निर्बंध उठले, लोक आपापल्या जुन्या कामांना लागले, आणि २०२२-२३ मध्ये तिथल्या अनेक पाडेल कंपन्या दिवाळखोरीत निघाल्या.

म्हणजे खेळ सोपा असणे, पैसा असणे, फॅशन असणे, एवढ्याने नाद टिकत नाही. लाट ओसरल्यावर कोर्टवर जे उरतात, त्यांच्याकडे बघावे लागते.

पेहुआखोचा मुलगा

असाच एक उरलेला माणूस म्हणजे फेर्नान्दो बेलास्तेगीन. चाहते त्याला ‘बेला’ म्हणतात. जन्म १९७९ चा, अर्जेंटिनाच्या ब्युनोस आयर्स प्रांतातल्या पेहुआखो या छोट्या गावातला. हे गाव देशभर ठाऊक आहे ते मारिया एलेना वॉल्श यांच्या बालगीतातल्या कासवामुळे. गावाने त्या कासवाचा पुतळाही उभारला आहे. पाडेलची लाट गावात आली तेव्हा फेर्नान्दो लहान होता. लाट ओसरली तेव्हाही तो खेळतच राहिला. किशोरवयातच तो व्यावसायिक झाला. पुढे अर्जेंटिनात खेळाचा बाजार उठला आणि देशाची अर्थव्यवस्थाही कोलमडली, तेव्हा तिथल्या अनेक खेळाडूंप्रमाणे त्यानेही स्पेनची वाट धरली.

स्पेनमध्ये खुआन मार्तीन दियाससोबत त्याची जोडी जमली. ही जोडी २००२ पासून २०१४ पर्यंत, सलग १३ वर्षे, जगात पहिल्या क्रमांकावर होती. पुढे ब्राझीलच्या पाब्लो लिमाबरोबर खेळून बेलाने आपला पहिला क्रमांक आणखी काही वर्षे राखला. एकूण १६ वर्षे. कुठल्याही खेळात हा आकडा दुर्मीळच. मग २०१८ मध्ये कोपराच्या दुखापतीने त्याला कोर्टबाहेर बसवले.

खरी बघण्यासारखी गोष्ट त्यानंतरची आहे. चाळिशीला टेकलेल्या, सर्व काही जिंकून झालेल्या खेळाडूने थांबायला हरकत नव्हती. बेला परतला, आणि जोडीला घेतला विशीतला आगुस्तीन तापिया. पुढे २०२२ मध्ये आर्तुरो कोएयो हा त्याहूनही लहान मुलगा त्याच्या बाजूला उभा राहिला. म्हाताऱ्या होत चाललेल्या गुरूने पोरांना जागा कशी राखायची, घाई कुठे टाळायची, हे सामन्यातच शिकवावे, तसे. २०२३ मध्ये तापिया आणि कोएयो यांची आपसांत जोडी झाली आणि ती जगात पहिल्या क्रमांकावर गेली. ज्यांना त्याने शिकवले, त्यांनीच त्याची जागा घेतली. २०२४ च्या अखेरीस, ४५ व्या वर्षी, बेला निवृत्त झाला.

नाद लहानपणीच लागला पाहिजे, असेही नाही. स्पेनच्या मिनोर्का बेटावरची हेम्मा त्रियाय आधी टेनिस खेळायची. पाडेलकडे ती नंतर वळली, आणि जागतिक क्रमवारीत पहिल्या स्थानापर्यंत पोचली.

चौथा माणूस

रमजान आणि खेळ यांची सांगड दुबईने औपचारिकच करून टाकली आहे. २०१३ पासून तिथे नाद अल शेबा भागात रमजानमध्ये मोठा क्रीडा मेळा भरतो. दुबईचे युवराज शेख हमदान बिन मोहम्मद यांच्या आश्रयाने होणाऱ्या या मेळ्यात व्हॉलीबॉल, सायकलिंग, धावणे, चाकाच्या खुर्चीवरचा बास्केटबॉल, आणि पाडेलही असतो. सामने रात्री, इफ्तारनंतर.

या मेळ्याबाहेर, साध्या क्लबांत आणि वसाहतींमधल्या कोर्टांवर जे खेळतात त्यांत भारतीयही असतात. रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गातल्या गावांतून आखातात जाऊन राहिलेल्या मराठी मुसलमानांच्या दोन-तीन पिढ्या झाल्या. पहिल्या पिढीने तिकडे टेनिस बॉलचे क्रिकेट नेले. शुक्रवारी सकाळी पार्किंगच्या जागेत स्टंप ठोकले जायचे. पण क्रिकेटला माणसे फार लागतात, ऊन सोसावे लागते, आणि चाळिशीनंतर सीमारेषेवर धावणे नको होते. कार्यालयात खुर्ची, गाडीत सीट आणि घरी सोफा, यात शरीर सुटत जाते. आखातात मधुमेहाचे प्रमाण जगात जास्त असलेल्या भागांपैकी एक आहे, ही तिथल्या डॉक्टरांची जुनी चिंता. अशा माणसाला रात्री तासभर, दिव्यांच्या उजेडात, तीन सोबत्यांबरोबर खेळायला मिळणे, हा साधा पण मोठा दिलासा असतो.

इथे चौघांचा नियम कामाला येतो. व्यायामशाळेत आपण आज गेलो नाही, तर कुणाचे अडत नाही. पाडेलमध्ये एक जण आला नाही, तर तिघांची रात्र फुकट जाते. कोर्टवाल्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर येणारा सर्वांत नेहमीचा निरोप असतो, ‘एक कमी आहे, कुणी आहे का?’ मग ओळखीचा कुणी, नाही तर अनोळखी कुणी येतो. तो कधी केरळचा असतो, कधी कराचीचा, कधी कैरोचा. कुणी रोजेदार, कुणी नाही. मल्याळी ख्रिस्ती इंजिनिअर आणि कोकणी मुसलमान हिशेबनीस एका बाजूला, समोर सीरियाचा डॉक्टर आणि पुण्याचा हिंदू बँकर, अशी जोडणी तिथे कुणाला नवलाची वाटत नाही. रोजा नसलेले सोबतीही रमजानमध्ये तरावीह आटोपेपर्यंत थांबतात, कारण चौघे पूर्ण झाल्याशिवाय खेळ सुरू होत नाही.

महिलांसाठीही आखातातल्या बऱ्याच क्लबांत राखीव वेळा आणि राखीव कोर्ट असतात. घरातल्या कामातून आणि इफ्तारच्या तयारीतून रात्री मोकळ्या झालेल्या स्त्रियांना स्वतःसाठी मिळणारा हा तास असतो. तो त्यांच्या वाट्याला नेहमी येतोच असे नाही. सहरीचा स्वयंपाक कोण करणार, हा प्रश्न अनेक घरांत अजून एकाच व्यक्तीकडे बोट दाखवतो. नवरा कोर्टवर आणि बायको ओट्याशी, असा महिना गेला, तर त्या नादाचा हिशेब घरात चुकता झालेला नाही, असेच म्हणावे लागेल.

रोजा आणि शरीर

रोजात पाणीही घेत नाहीत, हे बिगर मुस्लिम वाचकांना ठाऊक असतेच. त्यामुळे खेळ कधी आणि किती, हा शहाणपणाचा प्रश्न होतो. दिवसा उन्हात, तहानेल्या शरीराने जोरदार खेळणे धोक्याचे. इफ्तार होताच भरल्या पोटी कोर्टवर धावणेही तितकेच वाईट. खजूर, पाणी, हलके खाणे, मग नमाज, आणि दीड-दोन तासांनी खेळ, हा क्रम बहुतेकांना मानवतो. तळलेली भजी, समोसे आणि सरबतावर ताव मारून आलेला खेळाडू पहिल्याच सेटमध्ये ओळखू येतो. इफ्तार ते सहरी या वेळात पाणी थोडे थोडे, वारंवार प्यावे. एकदम तांब्याभर पिऊन भागत नाही. ज्यांना मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास आहे, त्यांनी रोजा आणि खेळ, दोन्हींबद्दल आधी डॉक्टरांशी बोलावे.

पाडेल सोपा वाटतो म्हणून शरीर तयार न करता उतरणारे पुष्कळ. कोपर, खांदा, गुडघा, पोटरी आणि टाचेची शीर यांना सर्वाधिक मार बसतो. अचानक थांबणे, वळणे, मागे सरकणे, या हालचाली चाळिशीतल्या स्नायूंना नव्या असतात. दहा मिनिटे अंग मोकळे करणे, पाडेलचे किंवा टेनिसचे बूट घालणे, आणि आठवड्यात एक-दोन दिवस विश्रांती, एवढे पाळले तरी बरेच साधते. रोज खेळायचे म्हणून हट्ट धरला, तर महिनाभरात कोपर बोलू लागते. आणि झोप. रात्रभर खेळून, सहरी करून, दोन तासांत कामावर जाणाऱ्या माणसाने गाडी चालवताना स्वतःला विचारावे, की खेळ कुणासाठी चालला आहे.

आपल्या दाराशी

पाडेल आता भारतातही आला आहे. मुंबई, पुणे, दिल्ली, बंगळूर, हैदराबाद अशा शहरांत कोर्ट उभी राहिली आहेत. महेंद्रसिंह धोनीने चेन्नईत पाडेल केंद्र सुरू केल्यावर त्याची बातमी क्रीडा पानांवर झळकली. मुंबईसारख्या दाटीच्या शहरात २०० चौरस मीटरचे कोर्ट गच्चीवरही बसते, ही त्याची जमेची बाजू.

पण वर्तमानपत्रात बातमी येणे आणि गावात खेळ रुजणे, यात अंतर आहे. काचेचे कोर्ट बांधायला खर्च येतो, तो तासाच्या भाड्यातून वसूल होतो. चौघांत वाटून घेतला, तरी महिन्याला चार-पाच वेळा खेळणे नोकरदारालाही जड जाते. ज्या मुलाने तारेच्या जाळीपलीकडून चेंडू उचलून द्यायचा, त्याला आत येऊन खेळता येते का, यावर या खेळाचे भविष्य ठरेल. अर्जेंटिनात बेला घडला तो गावातल्या साध्या सिमेंटच्या भिंतींत, बड्यांच्या क्लबमध्ये नाही. आपल्याकडच्या तालुक्याच्या गावी एखाद्या नगरपालिकेने बागेच्या कोपऱ्यात एक कोर्ट बांधले, संध्याकाळचे दोन तास शाळेच्या मुलांना मोकळे ठेवले, तर त्या भिंतींतूनही कुणी निघू शकतो.

आणखी एक गोष्ट शेजाऱ्यांची. पाडेलचा चेंडू भरीव रॅकेटवर आणि काचेवर आदळतो, त्याचा आवाज टेनिसपेक्षा कडक असतो. नेदरलँड्ससारख्या देशांत वस्तीजवळच्या कोर्टांविरुद्ध रहिवाशांनी तक्रारी केल्या आहेत. रमजानमध्ये रात्रीचे सामने ठेवताना हे विसरून चालणार नाही. ज्याचा रोजा नाही, ज्याला सकाळची पाळी आहे, ज्याच्या घरात परीक्षेचा अभ्यास चालू आहे, त्याचीही ती रात्र असते. शेजाऱ्याला त्रास होऊ नये, ही शिकवण रमजानपुरती नाही. कोर्ट वस्तीपासून थोडे दूर असावे, आणि ठरलेल्या वेळेला दिवे मालवावेत.

ईदनंतरचा पहिला आठवडा

रमजानमध्ये मशिदीच्या रांगा भरतात, ईद झाली की विरळ होतात. हा अनुभव प्रत्येक गावाचा आहे, आणि प्रत्येक इमामाला तो ठाऊक आहे. आखातातल्या पाडेल कोर्टांचेही तेच. महिनाभर मध्यरात्रीची वेळ मिळत नाही, आणि शव्वालचा महिना लागला की मंगळवारी रात्री कोर्ट रिकामे दिसते. रॅकेट गाडीच्या डिकीत पडून राहते. दुसऱ्या रमजानला तिच्यावरची धूळ झटकली जाते.

थोडे असले तरी नेमाने केलेले काम अधिक चांगले, अशा आशयाची एक हदीस मुसलमानांच्या घरांत लहानपणापासून ऐकवली जाते. खेळालाही ती लागू पडते. महिनाभर रोज रात्री दोन वाजेपर्यंत खेळून नंतर अकरा महिने न खेळण्यापेक्षा, वर्षभर आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, ठरलेल्या तिघांबरोबर खेळणारा माणूस पुढे जातो. त्याचा खेळ सुधारतो, साखर आटोक्यात राहायला मदत होते, आणि मुख्य म्हणजे तीन माणसे दर आठवड्याला त्याची वाट बघतात. परमुलखात ही वाट बघितली जाणे, ही काही लहान गोष्ट नाही.

हा नाद टिकवणारे फार काही वेगळे करत नाहीत. ईदची शिरखुर्म्याची भांडी धुऊन झाली, पाहुणे गेले, की तिघांना फोन करतात आणि विचारतात, मंगळवारी येताय ना. तिघे हो म्हणाले, तर कोर्ट पुन्हा भरते. एक जण नाही म्हणाला, तर चौथा शोधतात.